ठिणगीनंतर गेलेला डावा चॅनेल : फोनो प्रीॲम्पच्या दुरुस्तीची नोंद

फोनो प्रीॲम्पचा, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवून ॲम्प्लिफायरकडे देणाऱ्या उपकरणाचा, डावा चॅनेल पुन्हा सुरू झाला आहे आणि दोष नेमका कोठे होता हेही आता कळले आहे. रेकॉर्ड उचलताना बोटातून टोनआर्मच्या हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या सुईकडील टोकावर, ठिणगी उडाली, स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज आला आणि तेव्हापासून डाव्या बाजूने केवळ पुसट, फाटलेले संगीत ऐकू येत होते. उजव्या बाजूला काहीही झाले नव्हते.

नागपुरात असे झटके मार्च-एप्रिलमध्ये फार बसतात, कारण हवा पूर्ण कोरडी झालेली असते आणि कूलर अजून बाहेर निघालेले नसतात. एकदा कूलरच्या ताट्या भिजू लागल्या की खोलीतील आर्द्रता वाढते आणि हा त्रास बराच कमी होतो. इकडच्या रेकॉर्डवाल्यांना त्यामानाने ऐन मे महिनाच निर्धोक म्हणावा लागेल. पीव्हीसीच्या रेकॉर्डवर घर्षणाने ऋण भार साठतो. फेल्टच्या मॅटवरून ती उचलली, की भार तेवढाच राहतो, परंतु दोन पृष्ठभागांतील अंतर वाढल्यामुळे धारकता घटते आणि व्होल्टेज झपाट्याने चढते. चाचण्यांसाठी मानवी शरीर म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १५०० ओहमचा रोध, असे धरले जाते. साधारण ३००० व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. ८००० व्होल्ट धरले, तर प्रवाहाचे शिखर ५ अँपियरच्या वर जाते. तो एका मायक्रोसेकंदाच्या आत ओसरतो हे खरे, पण ज्या इनपुटवर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (सुईच्या कंपनांपासून सिग्नल तयार करणाऱ्या भागाचे) जेमतेम ५ मिलिव्होल्ट येणे अपेक्षित असते, त्याला तेवढे पुरेसे होते.

झाकण उघडण्यापूर्वी डावे-उजवे अदलाबदल करून पाहिले, आणि अशा प्रत्येक तक्रारीत हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. वीज बंद करून प्रथम ॲम्प्लिफायरच्या मागील दोन आरसीए पिना एकमेकींच्या जागी लावल्या. दोष उजव्या स्पीकरमध्ये गेला, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही निर्दोष ठरले. त्या पिना पूर्ववत करून मग प्रीॲम्पच्या इनपुटला टर्नटेबलकडून येणाऱ्या पिना बदलल्या; या वेळी दोष डावीकडेच राहिला. कार्ट्रिज, टोनआर्मच्या तारा आणि केबल यांवरचा संशय तिथेच फिटला. हेडशेलमधील पांढरी, निळी, लाल आणि हिरवी या केसाएवढ्या तारांना हात लावण्याची वेळ आली नाही, ही मोठी सोय झाली, कारण त्यांची टोके चिमट्याने ओढताना तुटण्याचा धोका ठिणगीपेक्षा कमी नसतो.

आतील पहिल्या टप्प्यावर एनई५५३२ हा दुहेरी ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी दोन सर्किटे एकत्र असलेला आयसी, आहे. मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावून पाहिले असता आठव्या पिनवर +१५ आणि चौथ्या पिनवर −१५ व्होल्ट व्यवस्थित मिळत होते. सातव्या पिनवर, म्हणजे उजव्या चॅनेलच्या आउटपुटवर, काही मिलिव्होल्टच होते, तर पहिल्या पिनवर जवळपास −१३ व्होल्ट ठाण मांडून बसले होते. पुढच्या टप्प्याआधी कपलिंग कपॅसिटर असल्यामुळे ते डीसी व्होल्टेज तिथेच अडले. वीज काढून डाव्या-उजव्या बाजूंचे रोध एकेक करून ताडून पाहिले. सर्व जुळले, तेव्हा आयसी बदलण्याचा निर्णय घेतला.

नवा आयसी बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, आणला. या क्रमांकाचे नकली आयसी बाजारात सर्रास मिळत असल्याने दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतले. जुन्या आयसीचे पाय कापून एकेक पाय स्वतंत्रपणे काढला, त्यामुळे पीसीबीवरील तांब्याचे पट्टे उचकटले नाहीत. त्या जागी आठ पिनांचा सॉकेट बसवला. काम करताना मनगटावर अर्थिंगचा पट्टा होता. त्यात १ मेगाओहमचा रोध असतो, तो भार सावकाश वाहून नेण्यासाठी आणि चुकून वीजप्रवाहाशी संपर्क आल्यास जिवाला अपाय होऊ नये यासाठी. नवा आयसी बसवल्यावर दोन्ही आउटपुट शून्याजवळ आले आणि डावा आवाज परतला.

तरीही ठिणगीने ग्राउंडचा मार्ग सोडून सिग्नलचा मार्ग का धरला, हा प्रश्न उरत होता. आर्मच्या धातूच्या नळीपासून ग्राउंडच्या तारेच्या टोकापर्यंत रोध मोजला असता मीटर कधी काही ओहम, तर कधी कित्येक किलोओहम दाखवत होता. आर्मच्या बुडाशी, जिथे ती तार स्क्रूखाली दाबलेली आहे, तिथे हिरवट गंज चढला होता. पृष्ठभाग घासून, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, तेव्हा रोध एका ओहमच्या खाली स्थिरावला. आर्मजवळ हात नेताच वाढणारी जी बारीक घूं-घूं मी आजवर जुन्या केबलच्या माथी मारत आलो होतो, तीही याच दुरुस्तीने गेली.

इनपुटला १०० ओहमचा रोध सिरीजमध्ये घालावा, असे काही जण सुचवतात. त्याचा स्वतःचा नॉइज सुमारे १.३ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, आणि एनई५५३२चा ५. म्हणजे ऐकण्यात फरक पडणार नाही. परंतु शरीराच्या १५०० ओहमांत आणखी १०० मिळवून प्रवाह फारसा घटत नाही, म्हणून तो मी घातला नाही. त्याऐवजी फेल्टची मॅट काढून कॉर्कची घातली आणि रेकॉर्डला हात लावण्यापूर्वी ॲम्प्लिफायरच्या चेसिसला बोट टेकवण्याचा नेम ठेवला आहे. त्याआधी भिंतीवरील सॉकेटचे अर्थिंग तपासून घेतले. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल ही दोन्ही व्होल्टेज जवळजवळ सारखी आली.

दुसऱ्या टप्प्यावरील आयसी मोजमापात निर्दोष दिसतो. मात्र झटक्याने ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड अर्धवट दुखावला, तर डीसी व्होल्टेज जागेवर राहूनही नॉइज वाढू शकतो. त्यामुळे इनपुट शॉर्ट करून दोन्ही चॅनेलांचा नॉइज संगणकावर रेकॉर्ड करणार आहे. डावीकडचा अधिक भरला, तर दुकानातून आणलेला दुसरा आयसी तिथे बसेल.