रिटायर्ड टीसीची जर्मनी

आईबाबा परदेशात भेटायला येणार म्हटलं की आपण आधी यादी करतो, चर्च, म्युझियम, किल्ला, बोट वगैरे, ती त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि ते बिचारे अंगठा दाखवतात. मी जर्मनीत आखेनला मास्टर्स करत होते तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात बाबा आले (आई नाही आली, आजीला सोडून कशी येणार) आणि अशीच यादी तयार होती. पण बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेले टीसी. कुर्ला, दादर, ठाणे, सगळी नोकरी पुलाच्या पायऱ्यांशी उभं राहून गेलेली. आखेन स्टेशनात उतरले, बॅग माझ्याकडे दिली आणि पहिला प्रश्न, "तिकीट कुठे दाखवायचं?"

कुठेच नाही. गेट नाही, काळा कोट नाही, सरळ चालत रस्त्यावर. तसं गेट मुलुंडलाही नाहीये म्हणा, पण तिथे कोणीतरी कोपऱ्यात उभं असेल ही धास्ती तरी असते. बाबांना हे काही केल्या पटेना. "मग पब्लिक तिकीट काढतं कशाला?"

तिकडे मे २०२३ पासून एक पास सुरू झालाय, तेव्हा ४९ युरो होता, महिनाभर अख्ख्या देशात कुठल्याही साध्या ट्रेनने, बसने, ट्रामने फिरा, फक्त फास्ट लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. बाबा म्हणाले, म्हणजे मुंबई ते नागपूर पॅसेंजरने, सीझन पासावर? हो बाबा, तसंच. त्या दिवसापासून यादी बोंबलली, पास वसूल करणे हा एकच कार्यक्रम.

आखेनचं कॅथेड्रल, शार्लमेन राजाचं, साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराचं, युनेस्कोच्या १९७८ च्या अगदी पहिल्या यादीतलं, ते पाच मिनिटांत उरकलं. शेजारी गरम पाण्याचे झरे आहेत तिथे मात्र रमले, गंधकाचा वास आल्या आल्या म्हणाले अगं ही तर वज्रेश्वरी. मग जर्मनी, हॉलंड, बेल्जियम जिथे मिळतात त्या टेकडीवर गेलो. तीन देशांत पाय ठेवून झाले आणि पासपोर्ट कोणीच विचारला नाही, म्हणून जरा नाराजच झाले.

पण खरी मजा वुपरटालला. तिथे नदीच्या वर लोखंडी कमानींना उलटी टांगलेली ट्रेन आहे, चाकं वर आणि डबा खाली लोंबकळतोय, १९०१ पासून चालू आहे, तेरा किलोमीटर, वीस स्टेशनं. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, आणि बाबा म्हणाले आता उजव्या बाजूला बसून एकदा. तिथलाच किस्सा मी त्यांना सांगितला, १९५० मध्ये सर्कसवाल्यांनी जाहिरातीसाठी हत्तीचं पिल्लू या ट्रेनमध्ये चढवलं, ते बिथरलं आणि डब्याची बाजू फोडून खाली नदीत पडलं, पण वाचलं, थोडं खरचटण्यावर भागलं. बाबा हसले नाहीत. "हत्ती पॅसेंजर डब्यात? ब्रेकव्हॅनला, सामानाच्या डब्यात, बुक करायला हवा होता." आता मुलुंडच्या कट्ट्यावर युरोप कसं होतं असं कोणी विचारलं की हाच किस्सा ऐकवतात, बुकिंगच्या मुद्द्यासकट, आणि कट्ट्यावर दोन रेल्वेवाले अजून आहेत त्यामुळे चर्चा लांबते.

कोलोनला कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे, सुटका नव्हती. १२४८ ला सुरू, १८८० ला पूर्ण. ६३२ वर्षं ऐकून म्हणाले, आपल्या मेट्रोला लोक उगाच शिव्या घालतात.

तिथून ट्राम पकडली. दोन-तीन स्टॉपनंतर दोन माणसं चढली, जीन्स, साधी जॅकेटं. बाबांनी मला कोपराने ढोसलं, "हे आपले." मी म्हटलं कोण आपले? तर म्हणे बघ, दोघं वेगवेगळ्या दारांनी चढले, सीट रिकामी आहे तरी बसत नाहीत, मोबाइल काढत नाहीत, लोकांच्या हाताकडे बघतायत. दार बंद झालं आणि खरंच दोघांनी खिशातून मशिन काढलं. एक पोरगा डब्ल्यूटी, म्हणजे विनातिकीट, सापडला, ६० युरो दंड. आरडाओरडा नाही, "साहेब पहिल्यांदाच" नाही, साहेबांच्या ओळखीचा फोन नाही, आयडी दिलं, पावती आली, विषय संपला. बाबा एवढे मन लावून कॅथेड्रलमध्ये उभे नव्हते.

मग आमच्याकडे आले. बाबांनी पास दाखवला आणि मला म्हणाले, विचार त्याला, रोजच्या केसेसचं टार्गेट असतं का. मी कशीबशी जर्मनमध्ये सांगितलं की वडील मुंबईत हेच काम करायचे, त्यांना असं असं विचारायचंय. तो माणूस आधी चमकला, मग मोठ्याने हसला, बाबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि म्हणाला ते सांगता येणार नाही.

मी भाषांतर करून सांगितलं.

"सांगता येणार नाही म्हणजे आहे," बाबा म्हणाले.