शिडामागचा माणूस

ऐरोलीतल्या शेजाऱ्यांच्या मुलीची शिडाच्या होड्यांची शर्यत पाहायला आज मुंबई बंदरात गेलो होतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी जेमतेम २.३ मीटर लांबीची असते. सर्वांच्या नजरा पाण्याकडे होत्या. माझे लक्ष मात्र धक्क्यावर उकिडवे बसून फाटक्या शिडाला चिकटपट्टी लावणाऱ्या एका साठीच्या गृहस्थांकडे गेले. बचाव-बोटीच्या इंधनापासून मुलांच्या जेवणापर्यंतचा खर्च गेली अनेक वर्षे तेच उचलतात, हे नंतर समजले. बक्षीस समारंभात त्यांचे नाव कोणीही घेतले नाही, याचे फार वाईट वाटले.

चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांनी १८९९ ते १९३० या काळात ‘अमेरिकाज कप’ या शिडाच्या नौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी पाच वेळा आपल्या ‘शॅमरॉक’ नौका उतरवल्या, १९२० मध्ये तर पहिल्या दोन शर्यती जिंकूनही करंडक हुकला. पण पाचही वेळा हरलेल्या या आश्रयदात्यासाठी अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी काढून सोन्याचा चषक घडवला.

आपल्याकडे ठाण्याची खाडी आहे, आगरी-कोळ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी कसब आहे; वानवा आहे ती अशा पाठीराख्यांची. त्या गृहस्थांचे नाव पुढील कार्यक्रमपत्रिकेत छापावे, असे पत्र मी आयोजकांना आजच पाठवत आहे.