८४०० मीटरवर आणि गर्भात: लाल पेशीसोबतची चढण

समुद्रसपाटीवरून मी लाल रक्तपेशीच्या सोबतीने निघतो. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन, आत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू. केंद्रक नाही, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नाहीत. वाहते ऑक्सिजन, पण स्वतः जगते ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून. पुढची सगळी चढण तिला याच शिदोरीवर करायची आहे.

वाटेत एका आकड्यावर नजर ठेवायची: पी-५०. ऑक्सिजनच्या ज्या दाबाला हिमोग्लोबिन निम्मं भरतं तो दाब. प्रौढांत तो साधारण २७ मिमी पारा असतो. आकडा वाढला की ऑक्सिजनवरची पकड सैल, उतरला की घट्ट.

२५०० मीटर ओलांडले की मूत्रपिंडांना कमतरता जाणवते. एचआयएफ नावाचं प्रथिन एरवी ऑक्सिजनच्या मदतीने सतत मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की ते टिकतं आणि एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, जनुक चालू करतं. या शोधमालिकेला २०१९ चं नोबेल मिळालं. एरिथ्रोपोएटिन काही तासांतच वाढतं आणि एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचतं. पण नव्या पेशी अस्थिमज्जेतून बाहेर यायला तीन-चार दिवस लागतात आणि रक्तातलं एकूण प्रमाण लक्षणीय वाढायला काही आठवडे. इथे हमखास एक चूक होते: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) वाढलेलं दिसतं आणि ‘रक्त वाढलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, आटलेला असतो, पेशी तेवढ्याच असतात. शरीरात लोह कमी असेल, तर पुढे खरी वाढही अडते. म्हणून फेरिटिनची (लोहाच्या साठ्याची) तपासणी निघायच्या आधी काही आठवडे करावी. वर पोहोचल्यावर ती करून फारसा उपयोग नाही.

पेरूमधलं मोरोकोचा, सुमारे ४५०० मीटर. फ्रेंच वैद्यक फ्रान्स्वा-जिल्बेर व्हियो यांनी १८९० साली इथे रक्तातल्या पेशी मोजल्या. घन मिलिमीटरमागे ५० लाखांच्या आसपास असलेली संख्या तीन आठवड्यांत ७० लाखांच्या वर गेली. मात्र ही वाढ बेसुमार झाली तर रक्त दाट होऊन वाहायलाच जड जातं. पुरुषांत डेसिलिटरमागे २१ आणि स्त्रियांत १९ ग्रॅमच्या वर हिमोग्लोबिन गेलं की तो दीर्घकालीन पर्वतीय आजार, मोंगेचा आजार मानतात. तिबेटी लोकांत ही वाढ मर्यादित राहते. त्यांच्यातला ईपीएएस-१ जनुकाचा प्रकार हा प्रतिसाद आवरतो.

बोलिव्हियातलं चाकाल्टाया, ५२६० मीटर. इथे मला सर्वात जास्त रेंगाळावंसं वाटतं, कारण इथे मजा पेशींच्या संख्येत नाही, पेशीच्या आत आहे. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन पेशीच्या पडद्यातल्या बँड-३ प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथे बांधलेली ग्लुकोज फोडणारी विकरं (एन्झाइम) सुटी होतात. त्याच सुमारास प्लाझ्मात अ‍ॅडेनोसिन हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि तो पेशीवरच्या ए-२बी ग्राहकातून संदेश देतो. दोन्हींचा परिणाम एकच: २,३-बीपीजी जास्त तयार होतं. हा रेणू हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत बसतो, पकड सैल करतो आणि ऊतींना ऑक्सिजन सहज सुटतो. नव्या पेशींची वाट पाहावी लागत नाही. आहेत त्याच पेशी तासा-दिवसांत बदलतात. शिवाय त्यांना आठवणही राहते. पहिल्या चढाईत अ‍ॅडेनोसिन शोषून घेणारा ईएनटी-१ वाहक मोडतो आणि केंद्रक नसल्याने पेशी तो पुन्हा बनवू शकत नाही. काही दिवसांनी पुन्हा चढलं की अ‍ॅडेनोसिन लवकर साठतं आणि जुळवणी लवकर होते. पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं, म्हणून ही आठवणही तेवढीच.

तरी ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. पेशी जुळवून घेतात, पण मेंदू आणि फुप्फुसांना वेळ लागतो.

आता एव्हरेस्टवर ८४०० मीटर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात इथल्या गिर्यारोहकांच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिमी होता. इथे सैल पकड घातक ठरते, कारण फुप्फुसातच पेशी नीट भरत नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि पकड पुन्हा घट्ट होते. खाली जो उपाय तारतो तोच शिखराजवळ उलटा करावा लागतो.

आणि हीच युक्ती गर्भाने आधीपासून धरलेली असते. नाळेच्या शिरेत, म्हणजे बाळाकडे जाणाऱ्या सर्वात चांगल्या रक्तात, ऑक्सिजनचा दाब ३० मिमीच्या आसपास. गर्भावस्थेतल्या या स्थितीला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट एव्हरेस्टची उपमा देत. या दाबाला प्रौढ हिमोग्लोबिन जेमतेम ५७ टक्के भरेल. गर्भाचं ८० टक्क्यांच्या जवळ जातं. त्याचं पी-५० सुमारे १९-२० असतं. प्रौढ हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळ्यांच्या जागी इथे गॅमा साखळ्या आणि त्यांत १४३ व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन, म्हणून २,३-बीपीजी नीट चिकटत नाही. बीपीजी काढून टाकलं तर दोन्ही हिमोग्लोबिनांतला हा फरक जवळपास मिटतो.

जन्मानंतर उतार सुरू होतो, तोही एकदम नाही. उजव्या हाताला ऑक्सिमीटर लावला तर पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्याला ८०-८५, दहाव्याला ८५-९५ टक्के हे अपेक्षित आकडे आहेत. पहिल्याच मिनिटाला ९५ गाठायला घाईने ऑक्सिजन देणं चूक. नवजात पेशी ६० ते ९० दिवसच टिकतात. आता ऑक्सिजन मुबलक, म्हणून एरिथ्रोपोएटिन घसरतं आणि ८ ते १२ आठवड्यांत हिमोग्लोबिन १७ वरून १०-११ ग्रॅमपर्यंत उतरतं. मुदत भरून जन्मलेलं बाळ नीट दूध पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर या आकड्यावर उपचार करत नाहीत. तेवढ्यात प्रौढ हिमोग्लोबिनचा वाटाही वाढत जातो आणि पकड सैल होते, त्यामुळे कमी हिमोग्लोबिनमध्येही ऊतींना ऑक्सिजन पुरतो.