मयुरेश्वरच्या माळावर ग्रास ज्युएल शोधायला गेलो त्याची गोष्ट (आणि जाणाऱ्यांसाठी थोडं)

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी आणि मावसभाऊ पहाटे पाचला पुण्यातून निघालो, सोलापूर रोडने चौफुल्यापर्यंत, तिथून उजवीकडे सुप्याचा रस्ता, साधारण 70 किमी. मयुरेश्वर अभयारण्य अगदी छोटं, जेमतेम 5 चौ. किमी, 1997 सालचं, आणि लोक येतात ते चिंकारा बघायला. गेटवरचे मामा पण आम्हाला खाली वाकलेलं बघून दोनदा सांगून गेले, अहो हरणं तिकडं हायत. आम्हाला बघायचं होतं ग्रास ज्युएल, आपल्याकडच्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक, पंख मिटून बसलं की करंगळीच्या नखावर मावेल एवढं.

मागच्या वर्षी याच माळावर मी ह्याला टायनी ग्रास ब्लू (असंच एक बारकं फुलपाखरू) समजून यादीत टाकलं होतं, घरी फोटो मोठा करून बघितल्यावर चूक कळली, म्हणून ओळखायचं कसं ते नीट लिहितो. उडताना बघून काही कळत नाही, सगळी करडी-तपकिरी धूळ उडाल्यासारखी दिसतात. बसल्यावर मागच्या पंखाची खालची बाजू बघा. तिथे कडेला काळ्या ठिपक्यांची ओळ असते, ठिपक्यांवर हिरवट धातूसारखी चमक आणि वर नारिंगी कमान. ही कमान दिसली की ग्रास ब्लूवाली सगळी मंडळी बाद, त्यांच्यात नारिंगी नसतंच. ग्रॅम ब्लू आणि प्लेन्स क्युपिडला असे नारिंगीवाले ठिपके असतात, पण ती बरीच मोठी, आणि दोघांनाही बारीक शेपटी असते. ज्युएलला शेपटी नाही. वरून नर-मादी दोघंही तपकिरी, निळं काही नाही.

आता ज्युएलमध्येही दोन जाती, ट्रोकायलस आणि पुतली. पंख उघडल्यावर मागच्या पंखाच्या वरच्या बाजूलाही नारिंगी दिसलं तर ट्रोकायलस, नुसतं तपकिरी असेल तर पुतली. म्हणजे दोन्ही बाजूंचा फोटो हवा, आणि इथेच सगळ्यांचा पेशन्स संपतो कारण हे पंख उघडतं ते सकाळच्या कोवळ्या उन्हात, साडेआठ ते दहा, नंतर मिटूनच बसतं. आम्हाला खात्रीने ट्रोकायलस मिळालं, पुतली वाटलेलं एक होतं पण त्याने पंख उघडलेच नाहीत, म्हणून यादीत नाही टाकलं.

शोधायचं कुठे तर उंच गवतात अजिबात नाही. जिथे मुरूम उघडा पडलाय, गवत घोट्याच्या खाली आहे आणि गोधडी नावाची वनस्पती जमिनीला चिकटून पसरलीय तिथे. चिमुकली फुलं येतात तिला, आणि पसरते पण गोधडीसारखीच. आम्ही अशा एका पट्ट्यापाशी पालथे पडून राहिलो तर वीसेक मिनिटांत एक मादी आली, कळीवर चालत चालत पोट वाकवलं, अंडं चिकटवलं, दोन पानं सोडून पुन्हा तेच. त्याच झाडावर मुंग्यांची ये-जा असेल तर जरा थांबून बघा, फुलपाखरांच्या या कुळातल्या बऱ्याच अळ्यांना मुंग्या सांभाळतात, अळी गोड रस देते म्हणून.

असा पट्टा सरकारी कागदावर पडीक म्हणून लागतो आणि मग तिथे कुणीतरी चांगल्या मनाने खड्डे घेऊन गिरिपुष्प लावतं. सावली आली की गोधडी जाते, गोधडी गेली की हे पण गेलं. मला याचं फार वाईट वाटतं, झाडं लावायला माझा विरोध नाहीये पण माळ हा माळच राहू द्या की.

जाणार असाल तर सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर बेस्ट. बूट घाला आणि मोजे जाड नकोत, कुसळं अडकली की दिवसभर टोचतात. पालथं पडण्याआधी जागा नीट बघून घ्या, अशा मुरमाड माळावर फुरसं (विषारी साप) असतं, आणि दगड उलटे करू नका. मॅक्रो लेन्स नसेल तर मोबाईलला लावायची क्लिप लेन्स पण चालते, फक्त आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, लगेच उडतं. पाणी घरूनच न्या, नाश्ता चौफुल्याला उरका. चतुर्थीला जाऊ नका, मोरगाव जवळच असल्याने रस्त्याला खूप गर्दी असते. अकरानंतर ज्युएलचा नाद सोडून वाटेवर ब्लू पॅन्सी फुलपाखरं बघा, उघड्या मातीवर पंख पसरून बसलेली असतात.