सहावा कोण? टीमची शेवटची जागा भरताना

पोकेमॉनच्या डबल्समध्ये, म्हणजे दोन विरुद्ध दोन लढतीत, टीम बांधायला बसलं की पहिले पाच जण एका बैठकीत ठरतात. गाडं अडतं ते सहाव्यापाशी, आणि नेमकं त्याबद्दल कुणी धड बोलत नाही. ‘एक आग, एक पाणी, एक गवत घे, झाली बॅलन्स्ड टीम’ हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता तो ऐकला तरी वैताग येतो. टाइप जुळवणं हा त्यातला सोपा भाग. डोकं खातो तो वेग.

मी लिहितोय ते स्कार्लेट-व्हायोलेट या गेमच्या रेग्युलेशन एफबद्दल, म्हणजे २०२४ च्या जानेवारी ते एप्रिलमधल्या नियमांबद्दल. सहा जण नोंदवायचे, प्रत्येक सामन्यात त्यातले चार उतरवायचे, सगळ्यांची लेव्हल ५० धरली जाते. एकच पोकेमॉन दोनदा चालत नाही आणि एकच आयटम दोघांकडे चालत नाही. फोकस सॅश दोघांना हवा असेल तर एकाला उपाशी राहावं लागतं.

पहिले पाच पटकन सांगतो. इन्सिनरोर: इंटिमिडेट, फेक आउट (समोरच्याची ती टर्न वाया घालवणारी मूव्ह), नॉक ऑफ, पार्टिंग शॉट, अंगावर सेफ्टी गॉगल्स. मैदानात आला की समोरच्या दोघांचा अटॅक दोन तृतीयांशावर येतो. टॉर्नाडस: प्रँकस्टरमुळे टेलविंड जवळजवळ सगळ्यांच्या आधी लागतो, आणि त्याच टर्नपासून आपल्या बाजूचा वेग दुप्पट. फ्लटर मेन: टिमिड नेचर (एक आकडा वाढवणारा, एक घटवणारा स्वभाव) आणि पूर्ण ईव्ही (आपण वाटून द्यायचे गुण) दिले की स्पीड २०५, शिवाय तो आणखी वाढवणारी बूस्टर एनर्जी. रॅपिड स्ट्राइक उर्शिफू: सर्जिंग स्ट्राइक्सचे तीन फटके, तिन्ही क्रिटिकल, मार अडवणाऱ्या प्रोटेक्टलाही जुमानत नाहीत. रिलाबूम: ग्रासी टेरेन, त्यात ग्रासी ग्लाइडला अग्रक्रम (वेग न बघता आधी लागणं), आणि दुसरा फेक आउट.

इथपर्यंत सगळं छान. मग समोरचा ट्रिक रूम लावतो, म्हणजे मंद आधी आणि वेगवान शेवटी असा उलटा क्रम, आणि २०५ स्पीडवाली फ्लटर मेन सगळ्यांत शेवटी हलते.

‘टॉर्नाडसकडे टॉन्ट आहे की, अडव ट्रिक रूम’ असं म्हणणाऱ्याने (टॉन्ट म्हणजे समोरच्याला फक्त मारायच्याच मूव्ह वापरायला लावणं) ट्रिक रूम लावणारा फॅरिजिराफ नीट पाहिलेला नसतो. त्याची आर्मर टेल ही ॲबिलिटी त्याच्यावर आणि त्याच्या जोडीदारावर येणारी अग्रक्रमाची प्रत्येक मूव्ह अडवते. प्रँकस्टरचा टॉन्ट अग्रक्रमाचाच, म्हणून अडला. फेक आउट अडला. ग्रासी ग्लाइड अडला. फ्लटर मेनचा शॅडो बॉल त्याच्या नॉर्मल टाइपमुळे शून्य. इंडीडीचं सायकिक टेरेनही अग्रक्रम अडवतं, पण ते निदान रिलाबूम आत आणून पुसता येतं, फॅरिजिराफची शेपूट पुसता येत नाही. समोर हॅटरीन असेल तर मॅजिक बाउन्स टॉन्ट उलटा तुमच्याच तोंडावर मारते. थोडक्यात, जिथे ट्रिक रूम असतो तिथेच टॉन्ट चालत नाही. ट्रिक रूम स्वतः उणे सात अग्रक्रमाने शेवटी लागतो, त्यामुळे त्या टर्नला फॅरिजिराफवर दोघांनी मिळून हल्ला चढवता येतो: सर्जिंग स्ट्राइक्स अधिक मूनब्लास्ट. पण १२० बेस एचपी आणि वर टेरा (सामन्यात टाइप बदलायची सोय), म्हणजे पडेलच याचा भरवसा नाही.

मग उरतो सहावा. त्याने दोन कामं करायची: ट्रिक रूममध्ये उपयोगी पडायचं आणि पहिल्या पाचांतलं टाइपचं भोक वाढवायचं नाही. ते भोक म्हणजे फ्लाइंग. उर्शिफू आणि रिलाबूम दोघेही फ्लाइंगला कच्चे, आणि पाचांपैकी एकालाही फ्लाइंगचा रेझिस्ट नाही. समोरच्या टॉर्नाडसचं ब्लीकविंड स्टॉर्म दोघांना एकदम लागतं. दोघांवर पडणाऱ्या मूव्हचा मार ७५ टक्केच बसतो, तरी तो पुरतो.

लँडोरस घेतला तर ग्राउंडचा जबरदस्त मारा मिळतो, पण बर्फाला चौपट कच्चा आणि वेगवान, त्यामुळे ट्रिक रूमचा प्रश्न जागच्या जागी. रेजिंग बोल्ट घेतला तर इलेक्ट्रिकमुळे फ्लाइंगचं भोक बुजतं, थंडरक्लॅप वेगाची पर्वा न करता आधी लागतो, १२५ बेस एचपीमुळे टिकतोही. माझा कौल याच्याच बाजूने झुकत होता. पण थंडरक्लॅप अग्रक्रमाची मूव्ह आहे, म्हणजे पुन्हा तीच शेपूट आडवी. सन, रेन (हवामानावर बांधलेल्या टीम), टेलविंड, सगळ्यांसमोर उत्तम, आणि ज्याच्यासाठी शोधत होतो तिथेच हात बांधलेले. आयर्न हँड्स चिवट आहे, मंदही आहे, पण फेक आउट घेऊन येणारा तो तिसरा ठरतो. चारात तिघे फेक आउटवाले नेऊन करायचं काय?

शेवटी राहिला अमूंगस. त्याचं एकही काम आर्मर टेलला अडत नाही. झोपवणारा स्पोर साध्या क्रमाने जातो. समोरच्यांचे हल्ले स्वतःकडे ओढणारी रेज पावडर स्वतःवर लावायची मूव्ह, तिला अडथळा नाही. पोलन पफने जोडीदार बरा होतो. बाहेर काढला की रीजनरेटरमुळे एक तृतीयांश एचपी परत, म्हणजे पूर्ण एचपी ईव्ही दिलेल्या २२१ वाल्याला प्रत्येक वेळी ७३. रॉकी हेल्मेट दिलं तर समोरच्या उर्शिफूचे तीन फटके तीन वेळा हेल्मेटवर आपटतात, दर फटक्याला एक षष्ठांश. एका सर्जिंग स्ट्राइक्समध्ये त्याचा निम्मा एचपी जातो. हे बघायला फार समाधान वाटतं.

किंमत मात्र मोजावी लागते. आता गवताचे दोन झाले. बर्फाला टॉर्नाडस, रिलाबूम, अमूंगस असे तिघे कच्चे. फ्लाइंगलाही तिघे. म्हणून अमूंगसला सर्रास दिला जाणारा वॉटर टेरा मी दिला नाही, स्टील दिला: फ्लाइंग, बर्फ, सायकिक तिन्ही अर्धे होतात. आगीला तो कच्चाच राहतो, पण ती झेलायला इन्सिनरोर आणि उर्शिफू आहेत. रिलाबूमला फायर टेरा. एक लक्षात ठेवा, स्टील झाल्यावर गवत टाइप जातो, मग समोरचा स्पोर त्यालाही लागतो.

आणि आता ज्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते: शून्य स्पीड आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१). ‘अमूंगस ३१ स्पीडचाच हवा’, म्हणजे शून्य आयव्हीचाच, हे वाक्य दगडावर कोरल्यासारखं सगळीकडे सापडतं. शोडाउनसारख्या सिम्युलेटरवर ते एका आकड्याचं काम आहे. प्रत्यक्ष गेममध्ये बॉटल कॅप आयव्ही फक्त वाढवते, कमी कधीच करत नाही. पाच-सहा ताऱ्यांच्या रेडमधले पोकेमॉन बहुतेक आयव्ही ३१ घेऊनच येतात, म्हणजे शून्यासाठी ते बिनकामाचे. साधा रानातला पकडायचा, तिथे शून्याची शक्यता ३२ मध्ये एक. बॉक्समध्ये जज (आयव्ही दाखवणारी सोय) लावला की स्पीडसमोर ‘नो गुड’ दिसलं पाहिजे. ‘डीसेंट’ म्हणजे एक ते पंधरा, शून्य नव्हे. असा एक मिळाला की त्याला पॉवर अँक्लेट देऊन अंडी काढायची, अँक्लेटमुळे त्याचा स्पीड आयव्ही पिल्लाकडे जातो. मग उबवत बसा.

आता आकडे मांडा. अमूंगसचा बेस स्पीड ३०. शून्य आयव्ही आणि वेग कमी करणारं नेचर: ३१. पूर्ण ३१ आयव्ही आणि तेच नेचर: ४५. ट्रिक रूममध्ये ज्यांच्या आधी हलायचं आहे ते कोण? आयर्न हँड्स आणि उर्सालूना, कितीही मंद केले तरी ४९. ब्लडमून उर्सालूना ५१. म्हणजे ४५ वाला या तिघांच्याही आधी स्पोर टाकतो. टॉर्कोल २२ पर्यंत खाली जातो, हॅटरीन ३० पर्यंत. त्यांच्यापुढे ३१ वालाही हरतोच. मधल्या पट्ट्यात मुख्यतः उरतो समोरचा अमूंगस, आणि गवतावर स्पोर लागतच नाही. दोन्हीकडे अमूंगस असला तर फरक पडतो तो कोण आधी दुसऱ्याच्या जोडीदाराला झोपवतो एवढाच. यासाठी अंड्यांच्या रांगा? गेममधल्या चॅन्सी सप्लाय दुकानातून २०,००० ला रिलॅक्स्ड किंवा सॅसी मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी) घ्या आणि खेळायला लागा. शून्यवाला पुढे कधी हाती लागला तर बदला.

ट्रिक रूम लागून गेलाच तर: तो पाच टर्नचा, लागण्याची टर्न धरून, म्हणजे प्रत्यक्ष त्रास चारच. एक टर्न दोघांचा प्रोटेक्ट, एक टर्न पार्टिंग शॉट आणि नव्याने आलेल्याचा इंटिमिडेट, एक टर्न स्पोर. लागोपाठ दुसरा प्रोटेक्ट तीनात एकदाच चालतो, त्यावर डाव लावू नका. टॉर्कोल असेल तर अमूंगस बाकावरच ठेवा.

उर्शिफूचं आधी सांगायला हवं होतं. डोळे मिटून २५२ स्पीड देऊ नका. बूस्टर एनर्जीवाल्या फ्लटर मेनचा वेग ३०७ होतो. आपला टेलविंड असताना तिला गाठायला उर्शिफूला १५४ लागतात, दुप्पट ३०८. जॉली नेचरवर ते १८० ईव्हीत बसतं. २५२ अटॅकला, उरलेले ७६ एचपीला, एचपी १७५ वरून १८५. ॲडमंटवर पूर्ण ईव्ही देऊनही १४९ च्या वर जात नाही, म्हणून अटॅक थोडा सोडावा लागतो. रिलाबूमचं उलट: साध्या नेचरवर पूर्ण ईव्हीने १३७, आणि वेग घटवणारा आयसी विंड खाल्लेली २०५ ची फ्लटर मेन १३६ वर येते. एका आकड्याने जिंकायचं असेल तर ते २५२ द्या, नाहीतर त्याला अंगाने जाड करा.

आयव्ही ३१ असेल तर ईव्ही ४, १२, २० अशा पायऱ्यांनीच चढतात. मधले आकडे वाया जातात. बाटल्या दहा-दहा ईव्हीच्या, प्रत्येकी १०,००० ला. २५२ साठी २६ बाटल्या, दोन स्टॅट भरले की ५,२०,००० गेले. १८० ला बरोबर १८ कार्बोस (स्पीडच्या बाटल्या). जास्त झालं तर टमॅटो बेरी एका घासाला दहा स्पीड उतरवते. टेरा बदलायचा तर मेडालीतल्या खानावळीत त्या टाइपचे ५० टेरा शार्ड, म्हणून टेरा आधी सिम्युलेटरवर पक्का करा.

टीम पक्की झाली का हे कळायला मी एकच चाचणी मानतो. सन, रेन, टेलविंड, ट्रिक रूम, आणि आपल्यासारखीच टीम, या प्रत्येकासमोर उतरवायचे चार कागदावर लिहा, पहिले दोन वेगळे खुणावून. जो एकाही चौकडीत येत नाही तो टीममध्ये नकोच. दोन चौकड्या टेराशिवाय चालल्या पाहिजेत, कारण टेरा सामन्यात एकदाच.

मोठ्या स्पर्धेत टीमची यादी समोरच्याला दाखवतात: मूव्ह, आयटम, ॲबिलिटी, टेरा सगळं उघडं, ईव्ही आणि नेचर मात्र झाकलेले. त्यामुळे चमत्कारिक आयटमवर बांधलेला डाव तिथे चालत नाही, १५४ चा उर्शिफू चालतो. पंचांकडे द्यायच्या यादीत मात्र लेव्हल ५० चे आकडे लिहावे लागतात. मिंट आणि बाटल्या झाल्यावरच ते गेममधून उतरवून घ्या, सिम्युलेटरवरून नाही. मिंट द्यायची राहिलेला अमूंगस यादीत ४५ आणि गेममध्ये ५० निघतो.