पासपोर्ट परत मिळाला, पगार नाही

माझा धाकटा भाऊ बुटीबोरीच्या एमआयडीसीत वेल्डिंग करायचा. शिक्षण नववीपर्यंत. ओळखीतल्या एका एजंटानं शारजाहला नोकरी लावून देतो म्हणून 90 हजार घेतले आणि त्याला दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर पाठवलं. कामाचा व्हिसा तिकडे गेल्यावर होतो, असं त्यानं सांगितलं. आम्ही ते खरं मानलं.

सातव्या आठवड्यात रात्री फोन आला. "ताई, मी इथी फसून गेलो. पगार एकबी भेटला नाही, पासपोर्ट बी घेऊन ठेवला यायनं."

सकाळी मी नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसात गेले. परराष्ट्र मंत्रालयाचं आपल्या शहरातलं तेवढंच दार मला ठाऊक होतं. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, पासपोर्ट आमच्याकडून मिळतो. पण बाहेर अडकलेल्या माणसाचं काम तिथला आपला दूतावास बघतो. 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका, आजच टाका."

हे पोर्टल मंत्रालयानं 2015 साली सुरू केलं. घरबसल्या तक्रार नोंदवता येते, पण माहिती नेमकी हवी. पासपोर्ट नंबर, तिथला पत्ता, मालकाचं नाव आणि फोन. पासपोर्टची झेरॉक्स आईनं पेटीत जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. मी घाईत अबू धाबीचा दूतावास निवडणार होते. पण शारजाह दुबईच्या महावाणिज्य दूतावासाकडे येतं. तो निवडला, तक्रार क्रमांक मिळाला, तो भावाला पाठवला आणि त्यालाही तिथल्या हेल्पलाइनला फोन करायला लावलं.

चौथ्या दिवशी दुबईहून फोन आला. त्या अधिकाऱ्यानं मला जे समजावून सांगितलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर भाऊ गेलाच नसता. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवणं तिथल्या कायद्यातही बसत नाही, त्यामुळे तो परत मागायचा त्यांना पूर्ण हक्क. पगाराचं मात्र अवघड. ते मालकाशी बोलू शकतात, पत्र देऊ शकतात, वकिलाचा सल्ला मिळवून देऊ शकतात. हुकूम सोडू शकत नाहीत, कारण तो देश दुसऱ्याचा. तिथल्या कामगार खात्याकडे जायचं तर करार लागतो, आणि व्हिजिट व्हिसावर करार कुठला?

दोन फोन गेल्यावर मालकानं पासपोर्ट दिला. तोवर व्हिसा संपून 19 दिवस झाले होते. दिवसाला 50 दिरहम दंड, म्हणजे 950. परदेशातल्या अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे कल्याण निधी असतो, अगदी निरुपाय असेल तर त्यातून तिकीटही मिळतं. आम्ही उसनवारी करून भागवू शकत होतो, म्हणून त्या पैशाला हात लावला नाही. आमच्यापेक्षा गांजलेली माणसं तिथं असतात, हे भाऊच सांगत होता.

तो आल्यावर त्याचा पासपोर्ट मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्यावर 'ईसीआर', म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक, असं लिहिलं होतं. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशात कामाला जाताना आधी मंत्रालयाची परवानगी लागते, ती या शेऱ्यामुळे. 1983 च्या कायद्यानं एजंटालाही नोंदणी लागते, आणि त्याला कामगाराकडून 30 हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. परवानगी घेताना 10 लाखांचा अपघात विमाही होतो. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की यातलं काहीच करावं लागत नाही. एजंटानं तो रस्ता का धरला, ते तेव्हा कळलं आणि फार राग आला. पोलिसांत तक्रार दिली आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या. पोराला कतारला पाठवतो म्हणून कुणीतरी 1 लाख मागत होतं. त्यांना जवळ बसवून मी मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाचं 'ई-मायग्रेट' पोर्टल उघडलं, नोंदणी असलेल्या एजंटांची यादी काढली. भाऊही शेजारी येऊन बसला. आम्ही तिघांनी ती यादी दोनदा पाहिली. ते नाव तिच्यात नव्हतं. काकूंनी तिथूनच पोराला फोन लावला.