मानमोडीच्या वर्षातली रांग

इस्रायलहून आलेल्या एका कुटुंबाला, एका मावशींना आणि त्यांच्या नातवाला, मावशींच्या आजीची कबर शोधायची होती. पुरावा एकच: घरच्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेली मृत्यूची हिब्रू तारीख, १० हेश्वान ६७९. नातवाने हिशोब करून १९१९ साल काढलं होतं. गावात माणूस पाठवून १९१९चा दगड शोधूनही झाला होता. तसा दगडच नव्हता. मग कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. जुन्या दगडांवरचे लेख वाचून त्यांची नोंद करणं हे माझं काम. बराचसा वेळ वीरगळ (वीरांचे स्मारकदगड) आणि गधेगळ (शाप कोरलेले दगड) यांच्यात जातो, पण रायगडातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, कबरस्तानांमध्येही मी हिंडलेली आहे.

गाव अलिबाग तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, संगमरवरी पाट्या उचलून नेणारेही वाचत असतात. एके काळी इथे तेलाचे घाणे चालवणारी बेने इस्राएल घरं होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि या गावात आता त्यांचं एकही घर उरलेलं नाही. उरलंय ते भातखाचरांच्या कडेचं कबरस्तान.

कुटुंबातल्या मावशी ऐंशीच्या पुढच्या. मराठी अस्सल अष्टागरातलं. नातू मात्र हिब्रू आणि इंग्रजीतच बोलणारा. त्याला खरी ओढ होती नवगावची. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरलं, ही समाजाची मूळकथा. येणारा प्रत्येक जण आधी तिथे जातो. माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते काहींना आवडत नाही. नवगावच्या टेकाडांवर वाचण्यासारखं फार थोडं आहे. अशा लहान कबरस्तानांत मात्र अख्खं गाव तारखांसकट लिहून ठेवलेलं असतं, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

गवत आदल्या दिवशी कापून घेतलं होतं. मागच्या बाजूचे सगळ्यात जुने दगड कोरे, नुसते काळे पाषाण. त्यांच्या पुढे हिब्रू अक्षरं सुरू होतात. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि मुंबईतल्या मिशनरी शाळांनी या समाजात हिब्रू पुन्हा रुजवली, त्या काळाच्या आसपासचे हे दगड असावेत. मग खाली मराठी मजकूर येऊ लागतो. मुंबई लष्करातले सुभेदार, हवालदार, ‘पेन्शनर’ दिसू लागतात. आधीच्या पिढीतला हसाजी पुढे यहेज्केल होतो, समाजीचा शेमुएल होतो.

आता तारीख. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते: ताव ४००, रेश २००, आयिन ७०, तेत ९. बेरीज ६७९. पाच हजार लिहायचे नाहीत, धरायचे. या ६७९ मध्ये १२४० मिळवले की १९१९ येतं, आणि नातवाने तेच केलं होतं. पण हिब्रू वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ज्याला मावशी ‘नव्याचा सण’ म्हणतात, त्या रोश हशानाला ते बदलतं. ६७९ हे वर्ष सुरू झालं ७ सप्टेंबर १९१८ला. हेश्वान हा त्यातला दुसराच महिना. म्हणजे १० हेश्वान आला १६ ऑक्टोबर १९१८ला.

१९१८चा ऑक्टोबर म्हटल्यावर मी जरा थांबलेच. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची दुसरी, खरी जीवघेणी लाट त्याच महिन्यात शिगेला पोचली होती.

मी मावशींना विचारलं, “आजी कशानं गेल्या, घरात कधी बोलणं झालं होतं?”

“मानमोडीनं,” त्या लगेच म्हणाल्या; इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीचं हेच मराठी नाव. “बाप माझा तेव्हा अंगावर पीत होता. पण ती १९ साली ना?”

दगड तिसऱ्या रांगेत होता, शेवाळाने हिरवा झालेला. अशा दगडाला तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावणं म्हणजे मजकुराचा खून. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. नंतर आरशाने ऊन तिरकं पाडायचं, की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली धरते. दिवसाचा आकडा मात्र दिसेना. दहासाठी लागणारं योद हे अक्षर स्वल्पविरामाएवढं, उडालेली कपची म्हणून सहज सुटावं असं. पाथरवटाला हिब्रू येत असेलच असं नाही; कागदावरची अक्षरं बघून तो उतरवायचा, त्यामुळे ‘हे’ आणि ‘खेत’ या अक्षरांची, म्हणजे पाच आणि आठ यांची, अदलाबदल मी इतरत्र पाहिली आहे. सुदैवाने खाली मराठी होतं: ‘तारीख १६ माहे आक्टोबर सन १९१८ रोजी मरण पावली. वय वर्षे २४.’

मावशींनी दगडावर खडा ठेवला. म्हणाल्या, “माझ्या नातीपेक्षा लहान की गं ही.” कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, तिथे होता एक. मग नातवाने स्तोत्र वाचलं आणि त्यांनी ते पाठोपाठ म्हटलं.

खरं तर माझं काम इथे संपलं होतं. पण रांग एका वेळी भरलेली असते, म्हणून शेजारचे दगड सोडवेनात. लगतच्या चारांपैकी तीन वाचता आले. तिन्ही १९१८चे, तिन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. आडनावं निराळी. वयं ३१, २२, २७. म्हातारं कुणी नाही, तान्हं कुणी नाही. या साथीने भर ज्वानीतली माणसं जास्त नेली हे मी अनेकदा वाचलं होतं, पण एका वाडीत ते कसं घडलं हे त्या रांगेत दिसलं. गावात दोन जुन्या घरांत विचारलं. प्लेगच्या गोष्टी निघाल्या, मानमोडीची आठवण कुणालाच नव्हती.

नातवाने दोनदा घड्याळ पाहिलं. नवगावला उजेडी पोचायचं होतं.

मावशी म्हणाल्या, “नवगाव कुठं पळून जातंय? ऊन आहे तंवर हिला तो कडेचा वाचू दे.”

कडेचा दगड पुढे कलून अर्धा जमिनीत गेलेला. ताव, रेश, आयिन स्पष्ट होते, चौथं अक्षर तेत असावं, पण तिथेच तडा होता. मराठी तारीख मातीखाली. उकरलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण कबरीपाशी कुदळ लावायची तर अलिबागच्या समाजाच्या मंडळींना विचारायला हवं. त्यांना पत्र टाकलं आहे. तोवर नोंदीत त्या दगडापुढे ‘बहुधा १९१८’ एवढंच लिहून ठेवलं आहे, आणि उरलेल्या तिघांची आडनावं मावशींनी आपल्या वहीत उतरवून नेली आहेत. त्यातलं एक कुटुंब, म्हणे, त्यांच्याच गल्लीत राहतं.